गोव्याच्या इतिहासातला १५ ऑगस्ट : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी नेमके काय घ्यावे?

पेडणेमहाल यांचा प्रश्न :

नमस्कार. मी पेडणे तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात इतिहास शिकवते. आमच्याकडे दर महिन्याला एक तारीख घेऊन भित्तिपत्रक लावण्याची पद्धत आहे. त्या तारखेला गोव्यात वेगवेगळ्या वर्षी काय काय घडले याच्या नोंदी मुलेच गोळा करतात आणि मी त्या तपासून देते. जूनमध्ये १८ तारीख घेतली होती. ते काम सोपे गेले, कारण १९४६ सालची मडगावची सभा आणि डॉ. राममनोहर लोहिया यांची अटक एवढी एकच गोष्ट सगळा फलक भरून टाकायला पुरेशी होती. ऑगस्टसाठी मुलांनी १५ तारीख निवडली आणि तिथे घोडे अडले.

मुलांनी आणलेल्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक दिल्लीच्या आहेत. लाल किल्ला, मध्यरात्रीचे भाषण, पहिला तिरंगा, असे सगळे त्यात आहे. त्या नोंदी गोव्याच्या नाहीत, हे आठवीतल्या एका मुलीनेच दाखवून दिले आणि वर विचारले, "बाई, त्या दिवशी आपण स्वतंत्र झालोच नव्हतो, मग आपल्या फलकावर १५ ऑगस्टला काय लिहायचे?" या प्रश्नाचे उत्तर "१९ डिसेंबर १९६१", म्हणजे गोवा मुक्तीची तारीख, एवढेच देऊन मला तो संपवायचा नाही.

माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी की तेरेखोल किल्ल्यावर झेंडा लावल्याची नोंद काही मुलांनी १९५४ साली घातली आहे, तर काहींनी १९५५ साली; यातले खरे काय, आणि त्या दोन वर्षांच्या सत्याग्रहांत फरक कोणता? दुसरी शंका पद्धतीची आहे. त्या तारखेला किंवा तिच्या आसपास योगायोगाने घडलेल्या गोष्टीही अशा फलकावर घ्याव्यात का, की ज्यांचा तारखेशी खरोखर संबंध आहे एवढ्याच ठेवाव्यात? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

सासष्टीकर :

बाई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे, म्हणून मी १९४७ पुरतेच लिहितो. १९५४-५५ बद्दल येथे माझ्याहून अधिक माहिती असलेली माणसे आहेत.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी जी सत्ता गेली ती ब्रिटिशांची गेली. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यात होते आणि ब्रिटिशांनी भारत सोडण्याच्या व्यवहारात त्यांचा प्रश्नच येत नव्हता. त्यामुळे त्या दिवशी गोव्यात काय घडले, याचे पहिले उत्तर "कायद्याने काहीही नाही" असे आहे आणि फलकावर ते तसेच लिहायला हरकत नाही. मात्र त्या दिवशी गोव्याची माणसे कुठे होती हे विचारले, तर नोंद लगेच जिवंत होते. लोहियांच्या सभेनंतर १९४६ मध्ये जी धरपकड झाली तिच्यात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालला नेऊन पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात ठेवले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि जुझे इनासियू लोयोला यांनाही पुढे तीच वाट दाखवण्यात आली. दिल्लीत युनियन जॅक उतरला तेव्हा ज्यांनी गोव्यात स्वातंत्र्याचा उच्चार केला होता ते कुन्हा हजारो मैल दूर कैदेत होते. आठवीतल्या मुलांना हे सहज समजेल.

दुसरी गोष्ट अशी की गोव्यात त्या काळी चार माणसांची सभा घ्यायची किंवा काही छापायचे म्हटले तरी आधी परवानगी लागत असे. १९४६ ची चळवळ मुळात नागरी हक्कांच्या मागणीवर उभी राहिली ती याच कारणाने. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ ला गोव्यात जल्लोषाच्या सभा का दिसत नाहीत, असा प्रश्न मुलांनी केला, तर त्याचे उत्तर लोकांच्या उत्साहात न शोधता त्या कायद्यांत शोधावे.

जाता जाता सांगतो. लाल किल्ल्यावर नेहरूंनी झेंडा फडकवला तो १६ ऑगस्ट १९४७ रोजी. म्हणजे मुलांनी आणलेली ती नोंद तुमच्या तारखेत दिल्लीची म्हणूनही बसत नाही.

---

बांदेकाठ :

मी सीमेच्या अलीकडचा, बांद्याचा. आमच्या घरात १५ ऑगस्ट म्हटले की १९४७ च्या आधी १९५५ निघते, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

तेरेखोलविषयी तुमच्या मुलांच्या दोन्ही गटांचे म्हणणे बरोबर आहे, कारण तेरेखोलला दोन्ही वर्षी सत्याग्रही गेले. मात्र ती दोन वर्षे एकमेकांपासून फार वेगळी आहेत.

१९५४ च्या फेब्रुवारीत पणजीतल्या एका मेजवानीत, गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे असे बोलले जात असताना, डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी "मी निषेध करतो" एवढेच शब्द उच्चारले आणि त्याबद्दल त्यांना पकडून पोर्तुगालला पाठवण्यात आले. त्यामुळे गोव्यात आणि बाहेरच्या गोमंतकीयांत चीड होतीच. जुलैच्या शेवटी दादरा मुक्त झाले, २ ऑगस्टला नगर हवेलीतले सिल्वासा पडले आणि पोर्तुगीज सत्ता हलवता येते असा विश्वास सगळीकडे पसरला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी १५ ऑगस्ट येत होता. गोव्यात हजारोंनी शिरण्याची भाषा मुंबई-पुण्याकडे सुरू झाली. नेहरूंच्या सरकारने मात्र गोमंतकीय नसलेल्यांना सीमा ओलांडू द्यायची नाही असे ठरवले आणि सीमेवर लोकांना खरोखरच अडवले. त्यामुळे १५ ऑगस्ट १९५४ चा सत्याग्रह संख्येने लहान आणि पूर्णपणे गोमंतकीयांचा झाला. टोनी डिसोझा, मार्क फर्नांडिस आणि आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली तीन तुकड्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आत गेल्या. नावांकडे मुलांचे लक्ष वेधा. गोव्यातील ख्रिस्ती समाज आमच्याच बाजूचा आहे, असे पोर्तुगाल जगाला सांगत होता आणि सीमा ओलांडणाऱ्या तिन्ही तुकड्यांचे पुढारी ख्रिस्ती होते.

आल्फ्रेड आफोन्सो यांची तुकडी तेरेखोलला गेली. तुम्ही पेडण्याच्या असल्याने तो किल्ला तुम्हाला ठाऊक आहेच, पण मुलांना नकाशावर तो अवश्य दाखवा. गोव्याचा हा तुकडा तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर आहे. जमिनीने तो महाराष्ट्राच्या बाजूला जोडलेला आहे आणि गोव्याकडून यायचे तर नदी ओलांडावी लागते. सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला तो नदीच्या तोंडावर पहारा ठेवायला. सत्याग्रहींच्या दृष्टीने मात्र हीच जागा सोयीची ठरली, कारण रेडी-आरोंद्याच्या बाजूने पायी थेट दरवाजाशी पोचता येत होते आणि पोर्तुगीजांना कुमक आणायची तर होडीतून आणावी लागणार होती, तीही श्रावणातल्या पाण्यातून. किल्ला केवढा, तर मधे एक चौक, त्यात सेंट अँथनीचे छोटे देऊळ आणि भोवती तट. आफोन्सो यांच्या तुकडीने तेथे तिरंगा लावला. तो फार वेळ टिकू शकला नाही आणि सत्याग्रही पकडले गेले, तरी पोर्तुगीज किल्ल्यावर १५ ऑगस्टला भारताचा झेंडा फडकला, ही बातमी दडपता आली नाही.

आता १९५५. या वर्षापर्यंत पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली होती आणि तिच्यात एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले होते. समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघ, हिंदुमहासभा आणि शेतकरी कामगार पक्ष या सगळ्यांची माणसे एका चळवळीत दिसतात, असा प्रसंग महाराष्ट्राच्या राजकारणात विरळाच. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली. जूनमध्ये जगन्नाथराव जोशी, जुलैमध्ये त्रिदीब चौधरी आणि मधू लिमये गेले. पोर्तुगीजांचा रिवाज असा, की साध्या सत्याग्रहींना बडवून काढायचे आणि सीमेपलीकडे आणून टाकायचे, पुढाऱ्यांवर मात्र खटले भरायचे. गोऱ्यांना दहा वर्षे आणि लिमयांना बारा वर्षे शिक्षा झाली. प्रत्यक्षात ते १९५७ मध्ये सुटले. जूनमध्येच अमीरचंद गुप्ता या सत्याग्रहीचा मारहाणीने मृत्यू झाला होता. म्हणजे पुढे काय होऊ शकते याची कल्पना १५ ऑगस्टला निघालेल्या प्रत्येकाला होती.

त्या दिवशी पत्रादेवी, तेरेखोल, कॅसलरॉक, कारवारच्या बाजूचे पोळे, शिवाय दमण अशा अनेक ठिकाणांहून एकाच वेळी काही हजार सत्याग्रही निघाले. आमच्या बांद्याहून पत्रादेवी अगदी जवळ. भर पावसाळा, दोन्ही अंगांना लावणी झालेली भातशेती, तांबड्या मातीचा निसरडा रस्ता आणि त्यावरून रांगा करून, हातात झेंडे घेऊन चाललेली माणसे, असे चित्र आमच्याकडची जुनी मंडळी सांगत. पलीकडून गोळीबार सुरू झाला तेव्हा कोणाच्या हाती काठीही नव्हती. मध्य प्रदेशातील सागरच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळ्या लागल्या, तरी त्या वाचल्या आणि १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या. पंजाबातील इसरू गावचा कर्नेल सिंग बेनिपाल हा पंचविशीचा तरुण पुढे सरसावला आणि गोळी छातीवर घेऊन पडला. पुण्याचे विष्णुपंत चितळे आणि दिल्लीचे वसंतराव ओक हे दोघे जखमी झाले. त्यांतले पहिले कम्युनिस्ट आणि दुसरे जनसंघाचे, हे मुद्दाम सांगतो. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर यांनी प्राण दिले. एकंदर मृतांचा आकडा वेगवेगळ्या याद्यांत जुळत नाही. तेव्हा फलकावर "वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मे झाले आणि दोनशेच्या वर जखमी झाले" असे लिहावे आणि खाली पत्रादेवीच्या स्मारकाचा उल्लेख करावा.

थोडक्यात तुमच्या पहिल्या शंकेपुरते : तेरेखोलचा १९५४ चा झेंडा आल्फ्रेड आफोन्सो यांच्या गोमंतकीय तुकडीचा आणि १९५५ चे बलिदान देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्यांचे. दोन्ही नोंदी ठेवा, पण एकीत दुसरी मिसळू देऊ नका.

---

दिवाडकर :

बांदेकाठ यांनी घटना सांगितल्या आहेत, तेव्हा मी बाईंच्या दुसऱ्या शंकेकडे वळतो.

दिनविशेषाच्या बहुतेक याद्या वाचताना मला कंटाळा येतो, कारण त्यांत जन्म, मृत्यू, करार आणि उद्घाटने एकाखाली एक मांडलेली असतात आणि त्यांना जोडणारा धागा पंचांगापलीकडे काही नसतो. गोव्याच्या १५ ऑगस्टचे तसे नाही. १९५४ आणि १९५५ चे सत्याग्रह त्या तारखेला "घडले" असे म्हणणेच अपुरे आहे. ते त्या तारखेला घडवले गेले. सीमेच्या एका बाजूला गावोगाव झेंडावंदन चालू असताना दुसऱ्या बाजूला तोच झेंडा हातात धरणे हा गुन्हा होता आणि ही विसंगती वर्षातल्या इतर कोणत्याही दिवसापेक्षा त्या दिवशी अधिक टोचत असे. चळवळीच्या लोकांनी तारीख निवडली ती या टोचणीसाठी. म्हणून माझे मत असे, की फलकावर आधी एकच ठळक वाक्य लिहावे : भारताच्या स्वातंत्र्यदिनी गोमंतकीयांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी गोव्याचा प्रश्न मुद्दाम उभा केला. त्याखाली वर्षे आपोआप लागतील.

तारीख निवडण्याची ही रीत गोव्यात दोन्ही बाजूंनी वापरलेली दिसते. आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा शहर दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशी. त्या योगायोगाला पोर्तुगीजांनी इतके महत्त्व दिले की जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल त्याच संताच्या नावाने उभे राहिले. पुढे १९५५ मध्ये सत्याग्रहाची वाट बंद झाल्यावर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी भूमिगत नभोवाणी केंद्रावरून गोव्यासाठी प्रक्षेपण सुरू केले, तेही २५ नोव्हेंबरलाच. पोर्तुगीज राज्याच्या वाढदिवशी त्याच्या विरोधातला आवाज घराघरांत पोचावा, यात मला तरी योगायोग दिसत नाही. हे केंद्र मुक्तीपर्यंत चालू होते.

आता योगायोगांबद्दल. माझा कल ते वगळण्याकडे आहे, आणि त्याचे एक कारण पंचांगाचेच आहे. वर दिलेला २५ नोव्हेंबर १५१० हा जुन्या ज्युलियन दिनगणनेतला दिवस आहे. पोर्तुगालने १५८२ मध्ये ग्रेगरीय दिनगणना स्वीकारली तेव्हा मधले दहा दिवस गाळले गेले, आणि आजच्या गणनेने तो दिवस ५ डिसेंबरला येतो. सेंट कॅथरिनचा सण मात्र २५ नोव्हेंबरलाच राहिला, म्हणून आपणही ती घटना त्याच तारखेला सांगतो. त्याच्या पलीकडच्या कदंबकाळात गेलात तर शिलालेखांत शक, संवत्सर आणि तिथी असतात आणि त्यांची इंग्रजी तारीख काढताना एका दिवसाचा फरक सहज पडतो. तेव्हा पंधराव्या-सोळाव्या शतकातली एखादी गोष्ट "१५ ऑगस्ट" या खणात बसली म्हणून ती फलकावर चिकटवणे म्हणजे आकडा जुळला म्हणून लॉटरीचे बक्षीस मागण्यासारखे आहे. शिवाय १५ ऑगस्ट हा ख्रिस्ती परंपरेत देवमातेच्या स्वर्गारोहणाचा सण. पोर्तुगीज कागदपत्रांत या तारखेला प्रार्थना, मिरवणुका आणि प्रस्थाने भरपूर सापडतील आणि त्यांचा मुलांच्या प्रश्नाशी काडीचाही संबंध नसेल.

---

कुळेवाट :

दिवाडकर भाऊंचा मुख्य मुद्दा पटला, पण योगायोग सरसकट वगळावेत याच्याशी मी सहमत नाही. त्याआधी रेल्वेबद्दल थोडे लिहितो, कारण पत्रादेवी आणि तेरेखोलच्या तुलनेत कॅसलरॉकची बाजू नेहमी एका ओळीत आटोपली जाते.

मुरगाव बंदरापासून लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाला आणि पोर्तुगीज हद्द घाटात, दूधसागर आणि कॅसलरॉक यांच्या मधे संपत असे. उतरून गोव्यात आले की कुळे स्थानकावर जकातीची तपासणी होई. गाठोडी सोडून दाखवावी लागत, कागदपत्रे पाहिली जात. मुंबईला नोकरी करणाऱ्या हजारो गोमंतकीयांची गावाकडची वाट हीच होती. १९५५ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींची एक फळी याच रुळांवरून चालत खाली उतरली. या वाटेवर एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधे बोगदे. पत्रादेवीच्या मोकळ्या शेतात निदान पांगायला जागा होती, येथे तीही नव्हती, आणि येथेही गोळीबार झाला.

आणि त्या दिवसाचा सामान्य माणसाच्या जगण्यावर जो परिणाम झाला तो याच मार्गावर सर्वांत लवकर दिसला. गोळीबारानंतर भारत सरकारने पोर्तुगालशी राहिलेले राजनैतिक संबंध तोडले आणि सीमा बंद केली. गाड्या थांबल्या. सप्टेंबरमध्ये सामूहिक सत्याग्रहालाही केंद्राने मनाई केली, त्यामुळे चळवळीची माणसे चिडली. मुंबईहून गावी चतुर्थीला येणे, घरी पैसे पाठवणे, आजारी माणसाला भेटणे या सगळ्या गोष्टी परवान्यांच्या फेऱ्यात अडकल्या आणि घाटातली ती वाहतूक मुक्तीनंतरच पुन्हा सुरू झाली. फलकावर १५ ऑगस्ट १९५५ च्या नोंदीखाली ही ओळ अवश्य असावी, असे मला वाटते. हुतात्म्यांची नावे वाचून मुले आदराने पुढे जातात, पण सहा वर्षे गाडी बंद होती म्हटले की थांबून प्रश्न विचारतात.

आता योगायोगाबद्दल. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ रोजी गेले. १३ तारखेला त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी १५ ऑगस्ट आला. कोणी ठरवून आणलेली ही तारीख नव्हे, तरी त्या स्वातंत्र्यदिनी गोवा कोणत्या मनःस्थितीत असेल याचा विचार करा. मुक्तीनंतरच्या पहिल्या निवडणुकीपासून ज्या माणसाभोवती सारे राजकारण फिरले तो तीन दिवसांपूर्वी गेलेला आणि राज्यकारभार त्याच्या मुलीच्या हाती आलेला. दिवाडकर भाऊंच्या नियमाने ही नोंद गळेल आणि फलक १९५५ नंतर एकदम रिकामा दिसेल.

---

पेडणेमहाल :

सर्वांचे मनापासून आभार. देव बरें करूं.

सासष्टीकर यांची पेनिशची नोंद आणि दिवाडकर यांचे ठळक वाक्य मी घेणार आहे. कुळेवाट यांची १९७३ ची नोंदही घेईन, मात्र "या सुमारास" असा वेगळा रकाना करून, म्हणजे मुद्दाम निवडलेला दिवस आणि योगायोगाचा दिवस यांतला फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल. देवमातेच्या सणाची ओळही मी त्याच रकान्यात ठेवणार आहे. दिवाडकर भाऊ, तिचा सत्याग्रहाशी संबंध नसला तरी आमच्या वर्गातली काही मुले त्या दिवशी सकाळी आधी चर्चमध्ये जाऊन मगच झेंडावंदनाला येतात आणि त्यांचा १५ ऑगस्ट तसाच आहे.

एक उपप्रश्न आहे. मुलांचे म्हणणे असे, की १५ ऑगस्ट हा गोव्याचाही स्वातंत्र्यदिन आहे असे फलकावर लिहावे की लिहू नये? स्टाफरूममध्ये यावर दोन तट पडले आहेत. शिवाय मुलांना पत्रादेवी आणि तेरेखोल एकाच दिवशी दाखवता येईल का, हेही सांगावे.

---

सासष्टीकर :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तारखांनीच द्यावे. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी शरणागती पत्करली. त्यानंतर संसदेने १९६२ मध्ये बारावी घटनादुरुस्ती करून गोवा, दमण आणि दीव भारतात समाविष्ट केले, ते २० डिसेंबर १९६१ पासून अमलात आले असे धरून. तेव्हा मोकळ्या गोव्यातला पहिला १५ ऑगस्ट १९६२ सालचा. त्या वर्षापासून १५ ऑगस्ट हा आपलाही स्वातंत्र्यदिन आहे आणि त्याच्या आधीची पंधरा वर्षे (१९४७ ते १९६१) तो आपला नव्हता. यात वादाचे कारण मला दिसत नाही. १५ ऑगस्ट देशाचा नागरिक म्हणून साजरा करायचा आणि १९ डिसेंबर मुक्तिदिन म्हणून, असे सरकारी पातळीवरही गोव्यात चालत आले आहे. स्टाफरूममधल्या दोन्ही तटांना १९६२ ही नोंद दाखवा. ती बहुतेक याद्यांत नसतेच, कारण त्या दिवशी गोळी चालली नाही की कोणी पकडला गेला नाही.

---

बांदेकाठ :

सहलीबद्दल सांगतो. दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात, पण क्रम असा ठेवा. सकाळी आधी पत्रादेवी. महामार्गालगतच हुतात्मा स्मारक आहे, तेव्हा गाडी कुठे लावायची ते आधी पाहून ठेवा आणि मुलांना रस्ता ओलांडू देऊ नका. खुद्द १५ ऑगस्टला तेथे कार्यक्रम आणि पाहुण्यांची गर्दी असते, म्हणून आदल्या किंवा पुढच्या आठवड्यातला दिवस धरलात तर मुलांना निवांत पाहता येईल. कर्नेल सिंगांचा उल्लेख तेथे कराल तेव्हा हेही सांगा, की त्यांच्या इसरू गावात दर १५ ऑगस्टला त्यांच्या स्मरणार्थ मोठा मेळावा भरतो आणि पंजाबातल्या राजकीय पक्षांचे पुढारी तेथे येऊन भाषणे करतात. पेडण्याच्या मुलांना आपल्या तालुक्याचे नाव तिथवर पोचले आहे हे ऐकून नवल वाटेल.

तेरेखोलला केरीहून फेरीबोटीने जाता येते. पावसाळ्यात नदीला ओढ असली की फेरी कधी कधी बंद ठेवतात, म्हणून मुलांना घेऊन जाताना मी तरी किरणपाणी-आरोंदा पुलावरून वळसा घालून रस्त्यानेच गेलो असतो. त्याचा आणखी एक फायदा आहे. सत्याग्रही महाराष्ट्राच्या ज्या बाजूने किल्ल्याकडे गेले त्याच बाजूने तुम्हीही पोचाल आणि किल्ला त्यांना सोयीचा का होता हे मुलांना नकाशाशिवाय कळेल. आत जाता येते की नाही याची चौकशी आधी करून ठेवा. आत नाही सोडले तरी बाहेरच्या उतारावरून नदीचे मुख आणि पलीकडची केरी स्पष्ट दिसते.

फलकावर १९५४ आणि १९५५ साठी दोन वेगळे नकाशे काढून घेता आले तर पाहा. १९५४ च्या नकाशात तीन बाण पुरतात. १९५५ साठी पत्रादेवी, तेरेखोल, कॅसलरॉक, पोळे असे बाण काढावे लागतील आणि दमणसाठी कोपऱ्यात वेगळी चौकट करावी लागेल.